बुजलेल्या गल्लीचं शेवटचं घर

साथींच्या इतिहासावर हयात घालवलेल्या प्राध्यापिकेचा योगायोगावर गाढ विश्वास होता. शकुन, संकेत असल्या गोष्टींना ती आपल्या वर्गाचा उंबरा ओलांडू देत नसे. म्हणूनच नव्या साथीतल्या रुग्णांची घरं नकाशावर टिंबांनी दाखवताना ती टिंबं एका वळणदार रेषेत उभी राहिली, आणि ती रेषा शतकापूर्वीच्या साथीनंतर बुजवलेल्या एका गल्लीवर अचूक बसली, तेव्हा तिने आधी चष्मा पुसून घेतला.

"बाई, आजार काय जुना नकाशा बघून चालतो का?" आरोग्य अधिकाऱ्याने हसत विचारलं.

गल्लीखालचं गटार अजून शाबूत असणार, त्यातली हवा घरांत शिरत असणार, असं तिने ठामपणे सांगितलं. कारण पटण्याजोगं होतं. तिला स्वतःलाही ते जवळजवळ पटलं. रेषेवरच्या घरांची मागची दारं बुजवायचं काम सुरू झालं, पण गवंडी पोचायच्या आत साथ पुढच्या घरी गेलेली असे. आणि गल्ली जिथे संपत असे, तिथे आता तिच्या आईचं तळमजल्यावरचं घर होतं.

जुनी साथही त्याच टोकाशी थांबली होती. तिथल्या एका बाईने मागचं दार दगडांनी चिणून घेतलं आणि तिचं कुटुंब वाचलं, ही हकीकत प्राध्यापिका दरवर्षी विद्यार्थ्यांना अंधश्रद्धेचा नमुना म्हणून रंगवून सांगे, आणि वर्ग खळखळून हसे.

आईची छाती आधीच नाजूक. तरी मागचं दार ती दिवसभर सताड उघडं ठेवी. दारामागे जुन्या गल्लीचा एक अरुंद बोळ तेवढा उरला होता; ऊन कधीच न पोचणाऱ्या त्या अंधाऱ्या बोळातला गारवा तिला मानवत असे. दार चिणायचं म्हटल्यावर ती बिथरलीच.

"तुझ्या पुस्तकांतली माणसं मेली, मी अजून आहे. मला माझ्याच घरात कोंडतेस?"

"हो, कोंडते," लेक म्हणाली, आणि गवंड्याच्या हातात तिने स्वतः एकेक वीट दिली.

भिंत उभी राहिली आणि साथ जागच्या जागी थांबली. नवा रुग्ण सापडेना, इस्पितळातल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या, आणि एका सकाळी शहर मुखपट्ट्या भिरकावून रस्त्यावर उतरलं. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होती, रडत होती. विद्यापीठाच्या सभागृहात सगळे तिच्यासाठी उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. बाईंची चेष्टा केली ती आपल्या अंगाशीच आली असती, असं आरोग्य अधिकाऱ्याने भर सभेत कबूल केलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच तिने कौतुक कसलीही तपासणी न करता स्वीकारलं.

फुलांचा गुच्छ घेऊन ती थेट आईकडे गेली. आई ठणठणीत होती, गालांवर रंग आला होता. नव्या भिंतीला लागून तिने आपली खुर्ची ओढून घेतली होती. प्राध्यापिकेने अभिमानाने भिंतीवर हात ठेवला. भिंत उबदार होती. पलीकडून कुणी पाठ टेकून बसलेलं असावं तशी, तेवढ्याच रुंदीपुरती.

"बाहेर थांबलाय ना, तो रागावलेला नाही हं," आई समजुतीच्या सुरात म्हणाली. "मीच विचारलं त्याला, किती दिवस असा बसणार? म्हणाला, मागच्या वेळी शंभर वर्षं बसलो होतो, तेवढंच."