बूटवाल्या कोंबड्याचे पंख

शनिवारी वर्गात मृणालला ‘माझा आवडता खेळ आणि त्याचा इतिहास’ यावर बोलायचं होतं, आणि धडकी भरली होती ती तिच्या आईला. आठ वर्षांची पोर निवांत दूध पीत होती; ज्योत्स्ना मात्र तक्त्यावरचे काना-मात्रे तिसऱ्यांदा तपासत होती. शेवटी सालं तरी बरोबर आहेत का बघावं म्हणून तिने मोबाइल उघडला.

इतिहास उलटा होता.

खेळ बूटवाल्या कोंबड्याचा. टीव्हीला डबा जोडायचा, त्यात कॅसेट खोचायची, नाही चालली तर काढून फुंकर मारायची, की लाल बुटांतला कोंबडा खड्डे ओलांडत पळू लागे. मृणाल आता त्याचा सातवा भाग खेळायची. पहिले तीन ज्योत्स्नाने आणि तिच्या भावाने, पंकजने, लहानपणी खेळले होते. बाबा बुऱ्हाणपुरातल्याच सिंधीपुऱ्यातल्या दुकानातून कॅसेट आणत. पहिल्या कॅसेटमध्ये कोंबडा उडायचा. पुढच्या वर्षीच्या कॅसेटमध्ये नुसत्या उड्या मारायचा. त्यानंतर आली तीत पाण्यात बुडी घ्यायचा. चांगला उडणारा कोंबडा एकदम उडेनासा का झाला, यावर पंकजने तेव्हाच निकाल दिला होता: त्याचे पंख पॉवरलूममध्ये अडकले. घरामागे दिवसभर लूम खडखडत, त्यामुळे ज्योत्स्नाला ते लगेच पटलं होतं. तिने मुलीलाही तेच सांगितलं, आणि मुलीने ते तसंच तक्त्यावर उतरवलं.

मोबाइल म्हणत होता, आधी उड्या, मग बुडी, पंख तिसऱ्या भागात. दुकानात जी कॅसेट यायची ती बाबा आणायचे. क्रम कोणी विचारला होता?

तिने पंकजला फोन लावला. तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, राहू दे तसंच, तिसरीतल्या पोरांना काय कळतंय. पण त्या पोरांच्या घरीही मोबाइल होते. एकाने हात वर केला, वर्ग हसला, की मृणाल पुन्हा कधी बोलायला उभी राहणार होती? रिक्षा यायला वीस मिनिटं होती. ज्योत्स्नाने तिला जवळ बसवून सगळं सांगितलं.

“म्हणजे तू चुकली होती?”

“हो बेटा. आम्हाला तिसरी कॅसेट आधी मिळाली.”

मृणालने तक्त्यावर काढलेल्या सात कोंबड्यांकडे पाहिलं. “मग टेन्शन कशाला घेते, मम्मी? दोन्ही लिहून देऊ ना.”

तिने स्केचपेन काढली आणि प्रत्येक कोंबड्याच्या डोक्यावर एक निळा आकडा लिहिला, एक लाल.

ज्योत्स्ना रिक्षामागोमाग स्कूटीवर शाळेत गेली आणि वर्गाच्या खिडकीबाहेर उभी राहिली. मृणाल दोन मिनिटं बोलली असेल नसेल, तोच रश्मी नावाच्या मुलीने हात वर केला. उडणारा तर तिसऱ्या पार्टमध्ये आहे, ती म्हणाली, मी बघितलंय. ज्योत्स्नाने खिडकीचा गज घट्ट धरला.

“निळा आकडा जगाचा, लाल बुऱ्हाणपूरचा,” मृणाल म्हणाली. “तू निळा सांगतेय. लाल मोबाइलमध्ये नाही भेटणार, तो माझ्या मम्मीला माहीत आहे.”

मॅडमनी विचारलं, आणि हे पंख लूममध्ये अडकल्याचं?

“ते मामाने बनवलं, मॅडम. पण चांगलं आहे म्हणून ठेवलं.”

वर्ग खो-खो हसला. मृणालही हसली, आणि पट्टी पुढच्या कोंबड्यावर ठेवली. अजून चार भाग बाकी होते. ज्योत्स्नाने गज सोडला आणि ते ऐकायला न थांबता ती स्कूटीकडे निघाली.