तिसऱ्या ठोक्याला कप हातात

कुरुळीच्या सुभद्राबाईंना दुपारी मागच्या खोलीतून ठोके ऐकू येतात, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. ठोके देणारे आपले वारलेले पती कोंडाजीच आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यांचा मुलगा रणजीत म्हणत होता. रणजीत निगडीला प्राधिकरणात राहतो आणि कामगारांची ने-आण करणाऱ्या त्याच्या स्वतःच्या बस आहेत. आईला निगडीला न्यायचं आणि कुरुळीच्या घराला कुलूप लावायचं, हे त्याने ठरवलं होतं. जायचं नाही, हे सुभद्राबाईंनी ठरवलं होतं.

मध्ये पडला तो त्यांचा भाडेकरू बंटी. तो चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. त्याच कंपनीतली क्वालिटी विभागातली स्वरूपा, मेंटेनन्सचा बुद्धरत्न आणि तो, असे तिघे मिळून सुट्टीच्या दिवशी भुताखेतांच्या तक्रारी तपासतात. मंडळाला त्यांनी 'मोकळं मन' असं नाव दिलंय. बंटीचा सगळ्यावर विश्वास, बुद्धरत्नचा कशावरच नाही, आणि स्वरूपा दोघांना गप्प बसवते, असा एकूण समतोल आहे.

तपासाची रीत त्यांनी कंपनीतूनच उचलली होती. माल खराब निघाला की 'का' विचारायचं, मिळालेल्या उत्तरालाही 'का' विचारायचं, आणि पाच वेळा विचारून होईपर्यंत उठायचं नाही. या रीतीने भोसरीतल्या एका जिन्यावरची पावलं पाण्याच्या पंपाची निघाली होती. दापोडीतल्या एका खोलीत येणारा अत्तराचा वास मात्र उलगडला नव्हता. ती केस त्यांनी 'ओपन' ठेवली होती, आणि त्याचं त्यांना दुःख नव्हतं.

रणजीतने त्यांच्यापुढे सरळ अट ठेवली. "तुमच्यापैकी एकाने जरी ठोके स्वतःच्या कानाने ऐकले तर आई इथेच राहील. नाही ऐकले तर ती माझ्याबरोबर येईल. आई, कबूल?"

"कबूल," सुभद्राबाई म्हणाल्या. "पर खोटं बोलायचं न्हाई कुणी." हे बोलताना त्या बंटीकडे बघत होत्या.

पहिल्या गुरुवारी दुपारी तिघे मागच्या खोलीत बसले. खोली पत्र्याची होती. आत कोंडाजींची बाज, पत्र्याला टेकवलेली एक जाड पहार, आणि खुंटीला त्यांची टोपी. स्वरूपाने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. रणजीत ओट्यावर खुर्ची टाकून बसला.

"ठोके कसे येतात?" स्वरूपाने विचारलं.

"जसे त्ये द्यायचे तसे," सुभद्राबाई दारातून म्हणाल्या. "पयल्या ठोक्याला आधण ठेवायचं. दुसऱ्याला चा गाळायचा. तिसऱ्याला कप त्यांच्या हातात."

"आणि आता ठोका आला की तुम्ही काय करता?"

"चाच ठेवते की. दुसरं काय करणार?"

"आत येऊन बघता?"

"त्या वक्ताला मी आत जात न्हाई. दचकतील."

मग त्यांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "आज न्हाई वाजायचं."

तिघांनी माना डोलावल्या. हे वाक्य त्यांना पाठ होतं. ज्या घरी जावं, त्या घरी 'काल यायला हवं होतं' किंवा 'आज काही होणार नाही' असं कुणीतरी म्हणतंच.

वाजलं नाही. ऊन उतरलं, रेकॉर्डिंगमध्ये बंटीच्या जांभया तेवढ्या आल्या. चहाही मिळाला नाही, कारण या घरात दुपारचा चहा ठोक्याशिवाय होत नसे.

"काकू, ठोका राहू द्या, पण आधण तरी ठेवा," बंटी म्हणाला.

"बिनठोक्याचा चा पिऊन कुणाचं भलं झालंय?" असं म्हणून त्या ज्वारी निवडायला बसल्या.

दुसऱ्या गुरुवारीही तेच झालं. सुभद्राबाई पुन्हा "आज न्हाई वाजायचं" म्हणाल्या आणि पुन्हा वाजलं नाही. दिवेलागणीच्या आधी रणजीत उठला. आवाज चढवला नाही. खुर्ची घडी करून भिंतीला लावली.

"सोमवारी टेम्पो आणतो, आई. बाज घेऊ आपण सोबत."

सुभद्राबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "मला याड लागलंय का गं, पोरी?" हे त्यांनी स्वरूपाला विचारलं.

स्वरूपाला खोटं बोलता येत नव्हतं. "आम्ही ऐकलं नाही, काकू. एवढंच सांगू शकते."

"मी म्हणलं न्हवतं का, आज न्हाई वाजायचं म्हणून? दोन्ही बारीला म्हणलं."

स्वरूपा चप्पल घालत होती, ती थांबली. दोन गुरुवार झाले, ठोक्याला पाच वेळा 'का' विचारायची त्यांची तयारी होती. या वाक्याला एकदाही विचारलं नव्हतं.

"आज वाजणार नाही, हे तुम्हाला का वाटलं?"

"आज गुरवार हाय."

"गुरुवारी का वाजत नाही?"

"गुरवारी त्ये घरात कुठं असायचे? ह्याच्या गाड्या उभ्या असतात गुरवारी. त्या धुवाया जायचे."

"मी वडिलांना नव्हतो धुवायला लावत," रणजीत घाईने म्हणाला. "दादाच ऐकायचे नाहीत. स्वतःच पाइप घेऊन यायचे."

"गाड्या गुरुवारीच उभ्या का असतात?" स्वरूपाने रणजीतला विचारलं.

"इथल्या कंपन्यांना सुट्टी असते म्हणून. तुम्हाला माहीत नाही होय? तुम्ही तरी गुरुवारी का येता?"

बुद्धरत्नने कपाळावर हात मारला. तिघेही सुट्टी असते म्हणून गुरुवारी येत होते. बंटी याच घराच्या पुढच्या खोलीत राहतो, पण कामाच्या दिवशी संध्याकाळी परततो. आणि रणजीत, बस चालू असल्या की फोनवर असतो, म्हणून आईकडे येतो तोही गुरुवारीच.

"राव, म्हणजे ज्या दिवशी काकांची सुट्टी, त्याच दिवशी आपण त्यांना भेटायला येतोय," बंटी म्हणाला.

"तुम्ही सांगितलं का नाही, काकू?" स्वरूपाने विचारलं.

"तुमी म्हणला गुरवारी येतो. म्हणलं, या. तुमी त्यातले जाणकार."

रणजीतने खुर्ची परत उघडली नाही, पण टेम्पोवाल्याला फोनही केला नाही. "उद्या," तो म्हणाला. "उद्या शेवटचं. मी पण येतो."

शुक्रवारी तिघांना कंपनीतून सुटायला फार कसरत करावी लागली. स्वरूपाने अर्धी सुट्टी टाकली, बुद्धरत्नने शिफ्ट बदलून घेतली. बंटीने सुपरवायझरला खरं कारण सांगितलं. सुपरवायझरने "कळवा मला काय निघतंय ते" म्हणून त्याला सोडलं.

दुपारी रणजीत फोन कानाला लावूनच आला. "हो रे, टायर बदल आणि नीघ," असं ड्रायव्हरला म्हणत असतानाच मागच्या खोलीत ठक्क झालं.

आवाज मोठा नव्हता, पण स्पष्ट होता. कुणी काठीने पत्र्याला हलकेच शिवावं तसा. रणजीतचं बोलणं तुटलं. सुभद्राबाईंनी कुणाकडे न बघता पातेल्यात पाणी ओतलं.

"ऐकलं," बंटी कुजबुजला. "सगळ्यात आधी मी ऐकलं."

"शपथ घ्यायची गरज नाही, सगळ्यांनीच ऐकलंय," बुद्धरत्न म्हणाला आणि तडक आत गेला. स्वरूपा त्याच्या मागे. बाजेवर कुणी नव्हतं. ते दोघे उभे राहिले. बाहेर साखरेचा डबा वाजला, आल्याचा वास आला. मग पायाखालची जमीन किंचित थरथरली, पहार पत्र्यापासून सुटली आणि परत टेकली. ठक्क.

बुद्धरत्न खिडकीशी गेला. घराच्या कुंपणापलीकडे एका कारखान्याची शेड होती. दारात ट्रेलर उभा होता आणि त्यावरून पोलादी पत्र्याची भलीमोठी गुंडाळी क्रेनने नुकतीच जमिनीवर उतरवली होती. एक गुंडाळी आधीच खाली होती. एक अजून ट्रेलरवर होती.

"रणजीतभाऊ, इकडे या. तिसरा ठोका बघून घ्या."

रणजीत आला. क्रेनचा हूक सावकाश फिरला, गुंडाळी उचलली, शेडमध्ये गेली, खाली टेकली. पहार वाजली. त्याच क्षणी सुभद्राबाई ट्रे घेऊन दारात उभ्या राहिल्या.

त्यांना सांगण्याचं काम स्वरूपावर आलं. तिने पहार दाखवली, खिडकी दाखवली, गुरुवार सोडून रोज येणारा ट्रेलर सांगितला. "तुम्हाला भास होत नाही, काकू. आवाज खरा आहे. पण तो असा येतो."

सुभद्राबाईंनी ट्रे बाजेवर ठेवला आणि पहारीकडे बोट केलं.

"ही हितं त्यांनीच टेकवलीय," त्या म्हणाल्या. "शेड झाली त्या साली. म्या म्हणलं, पायात येतीय, कोपऱ्यात ठिवा. तर म्हणले, ऱ्हाऊ दे, कामाची हाय."

"त्याआधी कशाने ठोकायचे?" स्वरूपाने विचारलं.

"काठीनं. जमिनीवर."

"शेड झाल्यानंतर काठी वाजवलेली मला आठवत नाही," रणजीत हळूच म्हणाला. "काठी तर ते बस धुवायला न्यायचे. चिखल खरवडायला. ती माझ्याकडेच राहिली, पार्किंगमध्ये."

सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. स्वरूपा पुढे झाली, तेव्हा कळलं की त्या हसताहेत.

"आळशी मेला," त्या म्हणाल्या. "नुसता पडून ऱ्हायचा हितं. आन् मी इतकी वर्सं धावत चा घिऊन येतीय."

"काकांनी ऑटोमेशन केलं होतं," बुद्धरत्न म्हणाला. कुणाची मदत न घेता केस स्वतः सोडवल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

"पण भावा, मुद्दाम केलं की आपोआप झालं?" बंटीने विचारलं. "ते कोण सांगणार?"

बुद्धरत्न पहारीकडे वळला. पहार थोडी बाजूला घेऊन उद्या बघू, असं म्हणत त्याने हात पुढे केला.

"हात लावू नको तिला," रणजीत म्हणाला. तो इतक्या पटकन बोलला की सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बाजेवरचा एक कप उचलला, आणि रिकाम्या जागी बसला. खिशातला फोन वाजत होता. त्याने तो काढून ड्रायव्हरला सांगितलं, "थांब जरा. चहा घेतोय घरी."

"टेम्पोचं काय?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"कसला टेम्पो?" तो म्हणाला आणि बशीत चहा ओतला. "काठी आणून देतो उद्या. शनिवारी ट्रेलर येतो ना?"

"येतो की."

"मग पहिल्या ठोक्याच्या आधी पोचतो."

बंटीने दुसरा कप घेतला. स्वरूपाने मोबाइलवर केस उघडली, 'क्लोज'वर बोट नेलं, आणि बंटीच्या प्रश्नाचा विचार करत तसंच धरून ठेवलं.

"चा निवतोय, पोरी," सुभद्राबाई म्हणाल्या.

तिने मोबाइल उलटा ठेवला. केस आजही ओपन आहे.