डोंगर न पाहिलेले बूट

इसवी सन दोन हजार पंचवीस, आश्विनाचा शुद्ध पक्ष, सायंकाळची वेळ. स्थळ विलेपार्ले पूर्व, लिफ्ट नसलेल्या एका चार मजली इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरचे घर. मित्रांनो, या वेळी आणि या ठिकाणी, टाकून देण्यासाठी दाराशी ठेवलेल्या एका कापडी पिशवीतून मी माझे वृत्त सांगत आहे. मी एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. डाव्या पायाचा माझा भाऊ याच पिशवीत, माझ्यावर पालथा पडलेला आहे.

‘जुना’ हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. जुना म्हणजे वापरलेला, असा पुष्कळांचा समज असतो; तो चुकीचा आहे. वापरलेल्या बुटाला वाटा आठवतात, चिखल आठवतो, ठेच आठवते. मला यांपैकी काहीही आठवत नाही. मी डोंगरासाठी घडवला गेलो आणि मी डोंगर पाहिलेला नाही. माझी सगळी कहाणी या एका वाक्यात मावते. परंतु एका वाक्यात सांगितलेले दुःख कोणाला खरे वाटत नाही, म्हणून विस्ताराने सांगतो.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. जाड तपकिरी कातडे, घोट्याला आधार देणारी उंच कड, पितळी कड्यांतून ओवलेली लाल नाडी, खाली खाचा असलेला काळा रबरी तळ, आणि तळ व कातडे यांच्यामध्ये पायाला धक्का बसू नये म्हणून घातलेला एक मऊ थर. ज्या कारागिराने मला साच्यावर चढवले, त्याने शेवटी माझ्या टाचेवर थाप मारली होती. ती थाप मला शाबासकीसारखी वाटली. तेथून मी बोरिवलीला, राष्ट्रीय उद्यानाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुकानात आलो. त्या दुकानात दोर, तंबू, काठ्या आणि माझ्यासारखे बूट मिळत असत.

एके दिवशी तेथे दोन प्रौढ माणसे आली. कुंदाताई आणि त्यांचे पती देवदत्त. कुंदाताई पार्ल्याच्या एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. देवदत्तांनी विम्याच्या कचेरीत नोकरी केली होती. कोणत्याही गोष्टीत काय काय बिघडू शकते, याचा अंदाज घेणे हेच त्यांचे काम होते, आणि निवृत्तीनंतरही ते त्यांना सोडून गेले नव्हते.

दुकानातला नितेश नावाचा विक्रेता म्हणाला, “काकू, एक नंबर मोठा घ्या. उतरताना अंगठा पुढे आपटतो ना.”

“आणि चढताना टाच मागे सरकते, त्याचं काय?” देवदत्तांनी विचारले.

“काका, मग जाड मोजा घालायचा.”

“म्हणजे चूक बुटाची आणि खर्च मोज्याचा!”

“अहो, त्याला काय न्यायालयात उभं केलंय का?” कुंदाताई म्हणाल्या, आणि मला पायात घालून त्या दुकानभर फिरल्या. फिरता फिरता त्या नितेशला सांगू लागल्या, “अरे, सबंध नोकरीभर मी फळ्यावर हिमालय काढला. पांढऱ्या खडूनं. तास संपला की पुसायचा, पुढच्या वर्गात पुन्हा काढायचा. आता मला तो न पुसला जाणारा बघायचाय. नेपाळला जायचंय. पोखऱ्याहून वर चढणारी चार दिवसांची पायवाट आहे, गुरांसाच्या झाडांतून जाते.”

गुरांस म्हणजे तिकडची लाल फुले. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या जन्माचे प्रयोजन कळले. वस्तूला याहून मोठा आनंद नसतो.

घरी आल्यावर कुंदाताईंनी सराव सुरू केला. मला आणि माझ्या भावाला घालून त्या रोज सकाळी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जिना चढत आणि उतरत. पाठीवरच्या पिशवीत तांदूळ भरलेले असत, कारण डोंगरातही पाठीवर ओझे असणार. त्या जिन्यावर माझे थोडे कौतुकही झाले. मुले माझी लाल नाडी बघायला थांबत. तळमजल्यावर सुगंधाताई राहत. त्या मूळच्या कणकवलीकडच्या. रोज दारात उभ्या राहून विचारत, “काय गो कुंदा, गच्चीर बर्फ पडलो काय?”

“नाही गं अजून. पडला की पहिला गोळा तुला.”

“कालाखट्टा घालून हाड हां! पांढरो नको माका.”

‘हाड’ म्हणजे ‘आण’. कुंदाताई हसत हसत वर जात. त्यांचा श्वास तेव्हा एकसारखा चाले. मी तो रोज ऐकत असे. माझ्या आयुष्यातला कामाचा काळ म्हणून सांगण्यासारखा काळ तो एवढाच.

आता अडचण कोठे होती ते सांगतो. पैसा होता, वेळ होता, इच्छा तर होतीच. ठरत नव्हता तो फक्त ऋतू. देवदत्तांचे म्हणणे असे, की माणूस असल्या देशाला आयुष्यात एकदाच जातो. म्हणून जायचे तर सर्वोत्तम वेळी, अन्यथा जाण्यात अर्थ नाही. चैत्रात गुरांस फुलतो. पण तेव्हा रानात वणवे लागतात, धुराने हवा धूसर होते आणि शिखरे दिसत नाहीत. वैशाखात दुपारनंतर ढग. पावसाळ्यात दरडी आणि जळवा. आश्विनात आकाश धुतल्यासारखे स्वच्छ. पण तेव्हा तिकडचा मोठा सण, ओझी वाहणारे आपापल्या गावी गेलेले. कार्तिकात शिखरे स्पष्ट, पण फुले नाहीत आणि गर्दी फार. पौष-माघात गर्दी नाही. मात्र वाटेवर बर्फ आणि हाडे गोठवणारी थंडी. त्यांनी मांडलेला प्रत्येक दोष खरा होता. मी त्यांना खोटे ठरवत नाही. खरे दोष हाताशी असलेल्या माणसाशी वाद घालणे किती अवघड असते, हे त्या घरात मी पाहिले आहे.

जो कोणी नेपाळला जाऊन येई, त्याला ते घरी चहाला बोलावत आणि त्याची उलटतपासणी घेत. चैत्रात गेलेला एक गृहस्थ म्हणाला, फुले पाहिली, डोंगर दिसला नाही. दिवाळीत गेलेला दुसरा म्हणाला, डोंगर दिसला, पण माणसांच्या पाठीच जास्त पाहिल्या. पाहुणे गेल्यावर देवदत्त समाधानाने म्हणाले, “बघ. ते गेले म्हणून चुकले. आपण गेलो नाही, म्हणून अजून चुकलेलो नाही.”

“मला चुकलेलं चालेल,” कुंदाताई म्हणाल्या. “मला धुक्यातला डोंगरही चालेल. तो तिथे आहे, एवढं कळलं तरी पुरे.”

“धुकं बघायला मुलुंडला जा ना लेकीकडे. तिच्या खिडकीतून दिसतं.”

ही लेक म्हणजे रेवती. ती आली की बापाशी भांडत असे. “बाबा, माझ्या लग्नाचा मुहूर्त तुम्ही आठ दिवसांत काढलात!”

“त्यात हवामानाचा प्रश्न नव्हता.”

“होता हो,” कुंदाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “वैशाखात काढलात. भटजींच्या घामानं होम विझायची वेळ आली होती.”

सगळे हसले. पण हसण्यात विषय बुडाला, आणि तो चैत्रही तसाच गेला. त्या घरात कोणी कोणाला ‘नाही’ म्हणत नव्हते. ‘पुढच्या वेळी’ असे म्हणत होते.

अखेर एका वर्षी रेवतीने हट्टाने तिकिटे काढली. कुंदाताईंनी माझी नाडी धुऊन वाळत घातली. आणि नेमक्या त्याच चैत्रात जगातली सारी दारे बंद झाली. ती साथ तुम्हाला आठवत असेल, किंवा घरच्यांकडून ऐकून ठाऊक असेल. त्या साथीत कुंदाताई आजारी पडल्या. पुष्कळ दिवस रुग्णालयात राहून त्या परत आल्या खऱ्या. पण परत आलेला श्वास पहिल्यासारखा नव्हता. दुसऱ्या मजल्यावर येताना त्या प्रत्येक वळणावर थांबू लागल्या. गच्चीवर जाणे बंद झाले.

येथे तुम्हाला वाटेल, की आता तरी देवदत्तांनी घाई केली असेल. घडले ते उलट. ते म्हणाले, “तुझी तब्येत नाजूक झाली, म्हणजे आता तर ऋतू अचूकच साधायला हवा.” पूर्वी ते डोंगरासाठी महिना शोधत होते, आता कुंदाताईंसाठी शोधू लागले. प्रेम वाढले, तशी अट वाढली. आम्हाला मात्र त्यांनी फार जपले. माझ्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, कापराच्या वड्या ठेवल्या, आम्हाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधले आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले. कुंदाताईंनी एकदा विचारले होते, “घरातल्या घरात तरी घालू का हो?”

“कशाला झिजवतेस? वेळ आली की नवेच्या नवे मिळतील.”

मित्रांनो, चांगली साडी लग्नासाठी, चांगल्या बशा पाहुण्यांसाठी, चांगले पेन परीक्षेसाठी! आपल्या घरांत वस्तूवर माया करण्याची ही एक रीत आहे. ती वाईट हेतूने कोणी पाळत नाही. पण मुंबईची हवा दमट, आणि पिशवीत कोंडलेला ओलावा बाहेर जात नाही. माझ्यातला तो मऊ थर अशा कोंडीत हळूहळू कुजतो. बाहेरून कातडे चकचकीत होते. आतून मी भुसभुशीत होत होतो. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. बुटाला जीभ असते, पण ती बोलत नाही.

यंदा मात्र श्रावणात देवदत्त एका सकाळी जेवणघरात आले आणि म्हणाले, “कार्तिकाचा उत्तरार्ध. गर्दी ओसरलेली असते, थंडी कडक नसते, आकाश निरभ्र. फुलं नाहीत, पण शिखरांची खात्री. ठरलं.” कुंदाताईंनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारले, “खरंच ठरलं?”

“आरक्षणसुद्धा केलं.”

त्या भरभर उठल्या, इतक्या भरभर की त्यांना खोकला आला.

आठवड्यापूर्वी मला कपाटातून काढण्यात आले. कुंदाताईंनी आम्हाला पायात घातले आणि नाड्या स्वतः बांधल्या. “एकदा गच्चीपर्यंत जाऊन येते. सावकाश जाईन,” असे म्हणून त्या जिन्यावर आल्या. मागे देवदत्त. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर माझ्या टाचेखालून काहीतरी सुटल्याचे मला जाणवले. पुढच्या पायरीवर माझा तळ अर्धा मागेच राहिला. मग माझ्या भावाचा. काळा चुरा पायऱ्यांवर पडत गेला. वरून, गच्चीत घातलेले पापड घेऊन सुगंधाताई उतरत होत्या.

“अगो कुंदा, ह्यो कसलो कोळसो सांडता हा तुझ्या पायांतसून?”

कुंदाताईंनी खाली पाहिले आणि त्यांना हसू आले. मनापासून, पूर्वीसारखे. त्या हसण्यातच श्वास अडकला. त्या पायरीवर बसल्या. त्यांचे ओठ निळसर झाले होते आणि हात कठड्याची सळई शोधत होता. सुगंधाताईंनी पापडांचे ताट तिथेच टाकले, त्यांची पाठ धरली आणि वर तोंड करून हाक मारली, “क्षमा! अगो क्षमा, धाव!”

डॉक्टर क्षमा तिसऱ्या मजल्यावर राहते. कुंदाताईंची ती एके काळची विद्यार्थिनी. तिने कुंदाताईंना घरात नेले आणि दुसऱ्या दिवशी छातीच्या तपासण्या करायला पाठवले.

त्या रात्री देवदत्त माझा फाटलेला तळ हातात धरून म्हणत होते, “दुकानदारानं फसवलं. माल वाईट होता.”

“बूट चांगले होते,” कुंदाताई पलंगावरून म्हणाल्या. “ठेवले फार.”

देवदत्तांनी तळ खाली ठेवला.

मित्रांनो, कोणी असा आक्षेप घेईल, की घाई हाही दोषच आहे आणि विचार करून पाऊल टाकणे हा गुण आहे. मला तो मान्य आहे. पण विचार पाऊल टाकण्यासाठी करायचा असतो, पाऊल टाळण्यासाठी नव्हे. म्हणून माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या घरातले एखादे कपाट आज उघडा. चांगल्या दिवसासाठी म्हणून जे बांधून ठेवले असेल, ते बाहेर काढा, त्याला वारा लागू द्या, ते वापरा. ते झिजेल, त्याला डाग पडतील, पडू द्या. आणि घरातले कोणी माणूस एखाद्या ठिकाणाचे नाव वारंवार घेत असेल, तर त्याला महिना विचारू नका. त्याच्याबरोबर निघा.

आता जे आज सायंकाळी या पिशवीच्या उघड्या तोंडातून पाहिले आणि ऐकले, ते सांगतो आणि थांबतो.

क्षमा तपासण्यांचे निष्कर्ष पाहून आली होती. कुंदाताई खुर्चीत बसल्या होत्या. देवदत्त उभेच होते.

“बाई, फुफ्फुसं आकसली आहेत,” क्षमा म्हणाली. “इथे जिना चढताना जे होतं, ते तिथे नुसतं बसूनही होईल. तिथली हवाच विरळ आहे.”

“म्हणजे कार्तिक नको,” देवदत्त घाईघाईने म्हणाले. “बरोबर आहे. रात्री गार असतात. चैत्रात जाऊ. चैत्रात ऊब असते. फुलं असतात, हिला फुलंच बघायची होती. डोंगर धुरकट दिसला तरी चालेल. नाही दिसला तरी चालेल. हो ना गं कुंदा? तूच म्हणायचीस ना?”

कुंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत सदोष ऋतू देवदत्तांनी पहिल्यांदाच पत्करला होता. कुंदाताईंनी हात पुढे करून त्यांचे मनगट धरले.

“सांग ना गं क्षमा,” देवदत्त म्हणाले, “चैत्र चालेल ना?”

क्षमाने कागद घडी करून टेबलावर ठेवले.

“काका,” ती म्हणाली, “कुठल्याच महिन्यात नाही.”