खोडरबरांचा डबा

चित्रकलेच्या वर्गात ती गेली ती काही हौसेनं नव्हे. कॉलेजचा नियमच होता की शेवटच्या वर्षी प्रत्येकानं आपल्या विषयाबाहेरचा एक विषय घ्यायचा. संगीताच्या जागा भरलेल्या, नाटकात सगळ्यांसमोर उभं राहणं हिला जमणारं नव्हतं, आणि पोहायचं तर पहाटे उठायला हवं. उरली चित्रकला. शिकत होती संख्याशास्त्र. पेन्सिलनं आलेखाच्या रेघा ओढण्यापलीकडे तिनं काही केलेलं नव्हतं, आणि करावंसं वाटलंही नव्हतं.

घरी तिला डावी म्हणत, कारण ती डावखुरी. तिची जुळी बहीण उजव्या हातानं लिहायची, म्हणून ती उजवी. नावं बाबांनी पाडलेली, आणि वर तेच चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचे की आम्ही पोरींमध्ये कधी डावं-उजवं केलं नाही.

वर्गात सगळे असेच आडवाटेनं आलेले होते. एक रसायनवाला, एक कायद्याची मुलगी, बाकीचे कुठून कुठून. सर म्हातारे, नाकाच्या शेंड्यावर कायम कोळशाची काजळी. पहिल्याच दिवशी त्यांनी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा वर्गात फिरवला आणि सगळ्यांचे खोडरबर त्यात टाकायला लावले.

"रेघ चुकली तर शेजारी दुसरी काढायची," सर म्हणाले. "पहिली राहू दे तिथंच. ती काही खात नाही कोणाला."

"परत मिळणार ना?" कायद्याच्या मुलीनं विचारलं.

"शेवटच्या दिवशी."

"मग पावती द्या."

सरांनी खरोखरच पावती लिहून दिली. तिनंही ती घडी घालून नीट ठेवली.

मग टेबलावर एक जुनी किटली आली. काढा म्हणाले. तासाभरानं सर चित्रं बघत फिरले आणि त्यांना हसू आवरेना. किटली पत्र्याची, तरी रसायनवाल्यानं तिच्या आतलं पाणी काढलं होतं, पातळीच्या रेघेसकट. कायद्याच्या मुलीनं किटलीच्या दोन्ही बाजू काढल्या होत्या, एकीवर अन्याय नको म्हणून. डावीचं चित्र मात्र देखणं होतं. गोल, रेखीव, दोन्हीकडून सारखं. सर त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"किटलीला पोचा आहे ना इथं?"

"आहे सर. पण तेवढाच एक आहे. बाकी सगळी किटली नीट आहे, म्हणून तो धरला नाही."

"तुला किटली दुरुस्त करायला सांगितली नव्हती," सर म्हणाले. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "तुम्हाला किटली माहीत आहे, हीच पंचाईत आहे. माहीत आहे ते जरा बाजूला ठेवा आणि नुसतं बघा."

डावीला ते लागलं. पण लागण्यापेक्षा जास्त, तिला नवल वाटलं. माहीत असलेलं बाजूला ठेवायचं म्हणजे नेमकं कुठं ठेवायचं? पुढच्या तासाला सरांनी खुर्ची मांडली आणि सांगितलं की खुर्ची काढायची नाही, तिच्या पायांमधली रिकामी जागा काढायची. डावीनं ती काढली, एकेक पोकळी, जशी दिसेल तशी. आणि काय गंमत, कागदावर आपोआप खुर्ची उभी राहिली. तीही अशी पक्की की बसावं. त्या दिवसापासून पोरीला वेडच लागलं. बसमध्ये ती लोकांच्या कानाखालची आणि खांद्यावरची जागा बघू लागली. जेवताना ताकाच्या कपाच्या कानात दिसणारा टेबलाचा तुकडा न्याहाळत बसू लागली.

"अगं, जेव," आई म्हणायची. "कपात काय बुडालंय तुझं?"

उजवी त्यावर काही बोलायची नाही. एरवी तिनंच आधी टोमणा मारला असता. पण दोघींमध्ये अबोला होता, आणि तो साधासुधा नव्हता.

झालं होतं असं, की एकदा जेवता जेवता बाबांनी उजवीला सहज विचारलं, "तिकीट काढलंस का?" डावी म्हणाली, कसलं तिकीट? आणि बाबांनी आईकडे पाहिलं. उजवीला दूरच्या एका शहरात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. अर्ज करून महिने लोटले होते. आईला माहीत, बाबांना माहीत, शेजारच्या काकूंनासुद्धा माहीत. माहीत नव्हतं ते फक्त डावीला, जिच्याबरोबर ती जन्माला आली होती.

डावीनं भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. ती "अच्छा" म्हणाली, पाणी प्यायली आणि उठली. तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट कुरतडत होती: हिला माझ्यापासून सुटका हवी होती का? विचारायला तोंड होतं, पण विचारलं की उत्तर मिळतं, आणि ते "हो" आलं तर काय करायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. जायचा दिवस जवळ येत होता. दोघींच्या कपाटाचा अर्धा भाग रिकामा होत चालला होता.

त्यातच सरांनी सांगितलं की प्रत्येकानं आरशात बघून स्वतःचा चेहरा काढून आणायचा. घरात धड आरसे दोनच. एक न्हाणीघरात, तिथं दोन मिनिटं थांबलं की बाबा दार वाजवणार. दुसरा आईच्या खोलीत. आणि डावीला तर आरशाची गरज अशी कधी पडलीच नव्हती. या दोघी नुसत्या जुळ्या नव्हत्या, समोरासमोर ठेवलेल्या होत्या. हिच्या डोक्यातला भोवरा डावीकडे, तिचा उजवीकडे. हिचा भांग इकडे पडायचा, तिचा तिकडे. हिचा डावा सुळा दुसऱ्या दातावर चढलेला, तिचा उजवा. समोर उभ्या राहिल्या की आरशात बघावं तसं सगळं जागच्या जागी. लहानपणी गंधाचा ठिपका सरळ लागलाय का, हेसुद्धा डावी उजवीकडे बघून ठरवायची.

मग आरसा कशाला? ती कागद घेऊन उजवीसमोर गेली.

"बस जरा. चित्रासाठी हवीयेस."

उजवीनं हातातला स्वेटर खाली ठेवला आणि बसली.

"कुठं बघू?"

"माझ्याकडे."

बस्स. पुढचा सगळा वेळ एक शब्द नाही. आता खरं सांगायचं तर आरशाचं कारण निम्मंच होतं. डावीला तिला डोळे भरून बघायचं होतं, आणि अबोला न मोडता तसं बघायची दुसरी सोय नव्हती. पण बघायला लागल्यावर सरांची शिकवण पुढे आली. डोळा काढायचा नाही, डोळ्यातल्या पांढऱ्या भागाचा आकार काढायचा. पापणीची सावली जिथं संपते तिथं थांबायचं. ओठ म्हणजे ओठ नव्हेत, मधली काळी रेघ जिथं जाड होते तिथं जाड, बारीक होते तिथं बारीक. ती तुकड्यातुकड्यानं उतरवत गेली. काय उतरतंय याचा विचार तिनं केलाच नाही. झाल्यावर म्हणाली, "झालं," आणि कागद गुंडाळून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांचे चेहरे भिंतीला लागले. रसायनवाला स्वतःच्या चित्रात गुन्हेगार दिसत होता आणि त्याला ते फार आवडलं होतं. सर एकेक बघत डावीच्या चित्रापाशी आले आणि थांबले.

"फार छान. पण ही कोण?"

"मीच सर."

"छे."

डावीनं मनातल्या मनात पडताळलं. भांग बरोबर, सुळा बरोबर, भोवरासुद्धा बरोबर. दोघींना ओळखताना आईसुद्धा एकदोनदा फसलेली, बाबा तर कायमच, आणि हे म्हणे छे.

"आरशात बघून काढणाऱ्याचे डोळे ओळखू येतात," सर म्हणाले. भिंतीवरच्या बाकीच्या चित्रांकडे त्यांनी बोट केलं. "हे बघ. सगळे कसे टवकारून बघतायत. मापं घेणारी नजर आहे ती. हिला कसलीच मापं घ्यायची नाहीयेत. ही कुणाला तरी बघत बसलीय. जिच्याकडे बघतेय तिच्याशी हिला बोलायचंय, आणि जीभ उचलत नाहीये. जीव आहे हिचा समोरच्या माणसावर. तुला हे काढताना दिसलं नाही?"

डावीनं चित्राकडे पाहिलं. पांढऱ्याचे आकार तिनंच काढले होते. सावलीही तिचीच. आणि त्या सगळ्यांतून उजवी तिच्याकडे बघत होती. कधीपासून बघत होती कोण जाणे.

"बहीण आहे माझी," ती म्हणाली.

"मग हे तिचं झालं. आता तुझं काढून आण."

डावी घरी आली तेव्हा उजवी बॅगेवर बसून चेन ओढत होती. डावीनं कागद तिच्यासमोर उलगडला.

"मी अशी बघते?" उजवीनं विचारलं.

"बघत होतीस." डावी तिच्यासमोर जमिनीवर बसली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू जाऊ नको म्हणाली असतीस."

"म्हटलं असतं. मग?"

"मग मी गेले नसते. म्हणून नाही सांगितलं."

डावीला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हीत आधी काय आलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "मला वाटलं तुला माझ्यापासून सुटका हवीय."

"हवीय थोडी," उजवी म्हणाली. ती खोटं कधीच बोलायची नाही, हा तिचा मोठा दोष होता. "जिथं जावं तिथं लोक विचारतात, तू त्यातली कोणती? एकदा अशा गावात राहायचंय जिथं हे कुणी विचारणार नाही. पण तू काय समजलीस? तुझ्याशिवाय मला करमणार आहे होय? त्या दिवसानंतर रोज हे सांगायला यायचे आणि तुझं तोंड बघून परत जायचे. दार आपटल्यासारखं तोंड केलं होतंस."

"तरी बोलायचंस की."

"तुझीच बहीण आहे ना."

मग दोघींनी मिळून आईचा आरसा भिंतीवरून काढला आणि टेबलावर पुस्तकांना टेकवून ठेवला. डावी समोर बसली. उजवी बाजूला खुर्ची घेऊन अगदी चिकटून बसली.

"सरक जरा. मला माझं काढायचंय."

"काढ की. मी काय हात धरलाय तुझा?"

"तुझा खांदा येतोय मध्ये."

"येऊ दे."

डावीनं आरशात पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं या चेहऱ्याकडे नीट असं बघितलंच नव्हतं, बघायची ती शेजारच्या चेहऱ्याकडे आणि समजायची की आपणही तशाच. पण तशी ती नव्हती. एक भुवई जरा चढलेली. जबडा आवळलेला. कपाळावर मधोमध एक उभी आठी, जी उजवीच्या कपाळावर नावालाही नव्हती.

"ही कधी आली?" तिनं आठीवर बोट ठेवलं.

"पहिलीत असल्यापासून आहे. बेरीज करताना पडते," उजवी म्हणाली. "तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

डावीनं पेन्सिल उचलली आणि आधी आठी काढली. बाकीचा चेहरा तिच्या आजूबाजूनं आला. उजवी संध्याकाळपर्यंत शेजारी बसून राहिली, मधेमधे बडबडत, आणि शेवटपर्यंत सरकली नाही.

शेवटच्या तासाला सरांनी पत्र्याचा डबा टेबलावर उघडा ठेवला. आपापले खोडरबर घ्या, म्हणाले, आणि काय सुधारायचं ते आजच सुधारा, गुण आजच देणार. सगळ्यांची झुंबड उडाली. कायद्याच्या मुलीनं आधी पावती दाखवली, मग खोडरबर घेतला.

सर डावीच्या चित्रापुढे उभे होते. आठीपाशी त्यांची नजर थांबली. "ही तू," ते म्हणाले. मग त्यांचं बोट कागदाच्या कडेला गेलं, जिथं एक खांदा अर्धवट आत आला होता. "हा कुणाचा?"

"बहिणीचा. सरकतच नव्हती."

"चित्राचा तोल जातोय त्यानं. सगळं वजन त्या कडेला झुकतंय. खोडलास तर चित्र नीट होईल, आणि गुणही वाढतील."

डावीनं डब्यातून आपला खोडरबर उचलला. त्याचा कोपरा अजून झिजला नव्हता. तिनं खांद्याकडे पाहिलं, तो नीट उतरला होता, स्वेटरच्या शिवणीसकट. घरी कपाटाचा तो अर्धा भाग आता पूर्ण रिकामा होता, आणि सकाळीच तिनं त्याच्यासमोर उभं राहून त्या रिकाम्या जागेचा आकार बराच वेळ पाहिला होता.

तिनं खोडरबर खिशात टाकला.

"ती परवा गेली, सर," डावी म्हणाली. "एवढा खांदा राहू दे."