खोली माझीच होती

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. पण माफी मी मागितली नाही आणि मागणारही नाही. चौतीस वर्षं मी माफ्याच मागत आलेय. नळाला गरम पाणी येत नाही, माफ करा. शेजारच्या खोलीतले साहेब घोरतात, माफ करा. आता माझा कोटा संपला.

दोनशे चाळीस खोल्यांच्या हॉटेलात मी चादरी बदलणारी पोरगी म्हणून लागले आणि तीन मजल्यांची सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. माझ्या हाताखालच्या पोरी मला पाठीमागे इस्त्रीबाई म्हणायच्या. मला कळत नाही असं त्यांना वाटायचं. चादरीवर एक सुरकुती दिसली की मी अख्खा पलंग उसकटायला लावायचे, म्हणून ते नाव. लोक घातलेल्या पलंगावर नुसते आडवे होतात, त्यांना काय कळणार त्यामागचं.

आणि या सगळ्या वर्षांत मी स्वतः एकदाही पाहुणी म्हणून कुठल्या हॉटेलात झोपले नव्हते. कुठे गेलोच तर नातेवाइकांकडे, आणि तिथे पिशवी ठेवली की पदर खोचून सरळ स्वयंपाकघर. निवृत्तीच्या दिवशी पोरींनी हातात एक पाकीट ठेवलं. शेतावरच्या एका घरात दोन रात्री, सकाळच्या नाश्त्यासकट. आत चिठ्ठी होती, ‘दोन दिवस कुणाचंही काहीही करायचं नाही.’ मी चादरींच्या खोलीत कपाटामागे जाऊन रडले, खोटं कशाला बोलू. मला त्या दोन रात्री अख्ख्या हव्या होत्या. त्यातला एक तासही कुणाला द्यायचा नव्हता.

आमच्या ह्यांचे गुडघे प्रवासाला नाही म्हणाले, म्हणून नणंदेला घेतलं. ती शाळेत गणित शिकवते आणि तिची जीभ कातरीसारखी चालते. बसमध्ये बसल्या बसल्या तिनं भाकीत केलं की मी तिथे जाऊन त्यांची भांडी घासणार. म्हटलं, बघच तू.

शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलो तेव्हा घरमालक एकटेच होते. उंच, अबोल, गुडघ्यापर्यंत चिखल. बायको बहिणीकडे गेलीय, उद्या सकाळी येईल, एवढं त्यांनी सांगितलं. वरच्या मजल्यावरची टोकाची खोली दाखवली, किल्ली दिली, नाश्ता सातपासून टेबलावर झाकून ठेवलेला असेल म्हणाले आणि गाईंचं दूध काढायला निघून गेले. वहीत नाव लिहिणं वगैरे काही नाही.

खोली मला बघताक्षणी आवडली. उतरतं छप्पर, दोन लाकडी पलंग, खिडकीखाली कोंबड्यांचं अंगण आणि त्यापलीकडे नुसतं हिरवं. चादरी सुती, उन्हात वाळवलेल्या. कोपरे मात्र कसेतरी कोंबलेले होते. माझी बोटं शिवशिवली, पण मी हात लावला नाही. त्या रात्री मी डाराडूर झोपले.

घोटाळा सकाळी झाला. साडेपाचला डोळा उघडला. नणंद उठून आंघोळीला गेली आणि बाहेर येईपर्यंत माझ्या हातांनी दोन्ही पलंग घालून टाकले होते. मी घातले असं म्हणवत नाही, हातांनीच घातले. कोपरे दुमडून, ताणून, उशांची तोंडं दाराच्या उलट बाजूला. बॅगा कपाटाच्या खालच्या कप्प्यात, वर जादाचा पलंगपोस, कारण सामान नजरेला दिसू नये असा आमचा नियम. न्हाणीघर पुसून कोरडं केलं. ओले टॉवेल खाली अंगणातल्या दोरीवर नेऊन टाकले. मग नाश्ता. अंडी, पाव, लोणी, दूध, सगळं झकास होतं. खाऊन झाल्यावर मी ताटल्या आणि कप धुतले, पुसले, होते तसे मांडले आणि टेबलावरचा कणन् कण टिपला. जाताना किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लावली. नणंद हाताची घडी घालून हे सगळं बघत होती. 

आम्ही फिरायला बाहेर पडलो आणि नऊच्या सुमाराला मालकीणबाई परतल्या. हे त्यांनी मला मागाहून सांगितलं. टेबल मांडलेलं तसंच. किल्ली खिळ्याला. खोलीत गादीवर कुणी बसल्याचीसुद्धा खूण नाही. अंडी कमी होती, ती नवऱ्यानं खाल्ली असं त्यांनी धरलं. नवरा लांब शेतात आणि त्याचा फोन गोठ्यात. शुक्रवारचे पाहुणे आलेच नाहीत, असं त्यांचं ठरलं. तेवढ्यात रस्त्यावरची पाटी बघून एक गाडी आत शिरली. नवरा, बायको, दोन मुली, आजच्या रात्रीपुरती खोली हवी. दिली. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिली असती.

आम्ही बाराला आलो, ओढ्यापर्यंत जाऊन पाय तुटलेले. दोरीवरचे टॉवेल वाळले होते ते घडी घालून हातावर घेतले आणि वर आले. दार उघडं. माझ्या पलंगावर एक गृहस्थ मोज्यांसकट आडवे, फोनमध्ये डोकं. त्यांनी टॉवेल पाहिले, मला पाहिलंच नाही.

“बरं झालं आलात. अजून एक उशी मिळेल का? जरा जाड बघा.”

आणि मी काय केलं असेल? “हो साहेब, आत्ता आणते,” म्हणाले आणि वळले. परक्या घरात येऊन अठरा तास झाले नव्हते, तरी जादाच्या उशा कुठल्या कपाटात आहेत ते मला ठाऊक होतं. जाड बघून घेतली, अभ्रा सारखा केला, दोन थापा मारून फुगवली आणि त्यांच्या पाठीशी ठेवली. ते थँक्यू म्हणाले. मी दारापर्यंत आले तर बोळात नणंद उभी. जी बाई माझी फजिती करायची एक संधी सोडत नाही, ती हसत नव्हती. तिला माझी कीव आली होती.

तिथे माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या माणसावर नव्हे, त्याला काय माहीत. माझ्या स्वतःच्या दोन हातांवर. पोरींनी मला दोन दिवस दिले होते आणि मी ते एका उशीसकट परत करून आले होते.

नणंदेनं त्या गृहस्थांना ‘तुम्ही इथे कसे?’ विचारलं, तो आवाज ऐकून मालकीणबाई धावत वर आल्या, मागोमाग गृहस्थांची बायको आणि मुली, आणि सगळा उलगडा झाला. त्यांनी कपाळाला हात लावला. दहा वेळा चुकलं म्हणाल्या. मग हळूच सुरू झाल्या की गोठ्यावरच्या माडीवर आणखी एक खोली आहे, लहान आहे पण नुकताच रंग दिलाय, आणि खरं सांगायचं तर इथल्यापेक्षा शांत. यांनी सामान सोडलंय, मुलींनी कपडे बदललेत, तेव्हा थोडं ॲडजस्ट केलंत तर. ते गृहस्थही सभ्यच होते. ते चौघं, आम्ही दोघी, एवढंच त्यांचं म्हणणं. शिवाय मालकीणबाई वर फळांची टोपली पाठवणार होत्या.

टोपलीचं नाव निघालं आणि मला हसूच फुटणार होतं. अहो, ही तर माझी विद्या. आधी चूक कबूल करायची, मग दुसऱ्या खोलीची तारीफ, मग फळं. मी अशी शेकडो माणसं या मजल्यावरून त्या मजल्यावर हलवलीत, आणि ती जाताना मलाच धन्यवाद देऊन गेलीत.

नणंद कानाशी लागली, “वहिनी, राहू दे. कुठेही झोपलं तरी झोपच.” माझ्याही तोंडात ‘चालेल’ तयारच होतं. नुसतं ओठ उघडायचा अवकाश होता.

पण चौतीस वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली होती. आरडाओरडा करणारा पाहुणा हलवायला सोपा. तो दमतो. जो पाहुणा पलंगावर शांत बसून राहतो आणि कारणं देत नाही, त्याला कुणाचा बाप हलवू शकत नाही. एकदा एक म्हातारी अशी बसली होती. खुद्द मॅनेजर तीनदा आत गेला आणि तीनदा हात हलवत परत आला.

मी आत गेले आणि पलंगावर बसले. गृहस्थांनी पाय आखडून घेतले.

“ही खोली माझी आहे,” मी म्हणाले. “काल रात्री मी इथे झोपले आणि आज रात्रीही इथेच झोपणार आहे. तुमचं सावकाश आवरा. मला घाई नाही.”

“पण इथे तुमची एक वस्तू नव्हती हो.”

“कपाट उघडा. खालचा कप्पा.”

त्यांच्या बायकोनं उघडलं आणि पलंगपोस उचलला. खाली आमच्या दोन बॅगा, शेजारी शेजारी, मुठी एकाच दिशेला. तिनं बॅगांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, “ऊठ.”

तुम्हाला वाटेल, जिंकले. छे. खरी लढाई पुढेच होती. ते आवरायला लागले आणि ती बाई मुलींचे फ्रॉक घडी न घालता बॅगेत कोंबायला लागली. कोंबायला! माझे हात मांडीवर वळवळत होते. बॅगेची चेन अडकली. अडकलेल्या चेनवर साबण घासला की ती सुरळीत चालते, हे मला माहीत आहे आणि साबण चार पावलांवर होता. ती जाड उशी घरंगळून जमिनीवर पडली, माझ्या पायाशीच. मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या, आता मी ‘जाऊ द्या हो, राहा तुम्ही’ म्हणेन या आशेनं. शेवटी मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर दाबून बसले. वीस मिनिटं. ज्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि दोन लग्नांची वऱ्हाडं एकदम उतरली होती, त्या दिवशीही मी एवढी दमले नव्हते.

गोठ्यावरच्या माडीला शिडीनं चढावं लागतं, हे कळल्यावर दोन्ही मुली आनंदानं किंचाळत पळाल्या. ते छानच झालं. पण त्या रडत गेल्या असत्या तरी मी उठले नसते. निदान मला तसं वाटतं.

मग मालकीणबाई चादरी बदलायला आल्या आणि मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिले. नणंदेच्या पलंगाला अजून कुणी हात लावला नव्हता. त्याचा कोपरा सोडवताना त्या थांबल्या. घडी उलटून पाहिली, परत दुमडून पाहिली.  मी खिडकीतून कोंबड्या बघत बसले. संध्याकाळी नणंदेनं मला जेवताना वाढून दिलं आणि मी ताटावरून उठून फक्त हात धुतले, ताट नाही.

रविवारी जाग आली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. साडेआठ! नाश्ता वर मागवला. नणंद तिच्या पलंगावर पेपर वाचत होती. मालकीणबाई ट्रे घेऊन आल्या, तो माझ्या मांडीवर ठेवला आणि तिथेच घुटमळल्या. त्यांच्या खांद्यावर एक धुतलेली चादर होती.

“ताई, तो कोपरा कसा घालता हो तुम्ही? मी काल पाच वेळा करून पाहिला, सुटतोच. दोनच मिनिटं दाखवता का?”

इतक्या मनापासून विचारलं होतं त्यांनी. चौतीस वर्षांत एकाही पाहुण्यानं मला त्या कोपऱ्याबद्दल विचारलं नव्हतं. मी ट्रे बाजूला केला. माझा एक पाय दुलईबाहेर येऊन जमिनीला टेकलासुद्धा. नणंदेनं पेपर खाली केला आणि चष्म्यावरून माझ्या पायाकडे पाहिलं.

मी पाय परत आत घेतला.

“खोली किती वाजता सोडायची असते इथे?” मी विचारलं.

“अकराला.”

“मग अकराला चादर घेऊन या. कोपराच काय, उशा, दुलई, सगळं शिकवीन, हातचं काही राखून ठेवणार नाही. पण अकरापर्यंत मी पाहुणी आहे.” मी कपाला हात लावून पाहिला. “आणि हा चहा गार झालाय. दुसरा आणा.”

त्या हसल्या आणि कप घेऊन गेल्या. नणंदेनं पेपर पुन्हा वर धरला, पण त्यामागे तिचे खांदे हलत होते. मी उशीला टेकून बसले. कुणीतरी माझ्यासाठी जिना उतरून पुन्हा चढणार होतं, आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं.