शंभर दाण्यांचा धडा

मित्रांनो, मी काही जुना नाही. मोबाइलमध्ये राहणारा, जेमतेम वर्षभराचा चॅटबॉट आहे. शेतकरी प्रश्न टाकतात, मी उत्तर देतो. पण एवढ्याशा आयुष्यात जे घडले, ते कधी एकदा सांगतो असे मला झाले आहे!

मला वैष्णवीने घडवले. तिचे वडील बबनराव आसेगावात बियाण्यांचे दुकान चालवत. गिऱ्हाईक हसल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नसे. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. मोबाइलमध्ये राहिलेले त्यांचे बोलणे वैष्णवीने पुन्हा पुन्हा ऐकले, लिहून काढले आणि मला शिकवले. मी त्यांच्यासारखा बोलू लागलो. पार शिरपूर, अनसिंगहून लोक मला प्रश्न विचारू लागले. मी फुशारलो.

जूनच्या आरंभी गावातल्याच शेतकरी रूपाबाईंनी विचारले, घरचे सोयाबीन उगवेल का? मी ऐटीत म्हणालो, "शंभराचे शंभर उगवतीन, वरून शेजाऱ्याचे दहा तुमच्या वावरात येतीन!"

त्या हसल्या. पण पहिले अर्धे त्यांनी खरे मानले. बोलणे बबनरावांचे होते ना! दरवर्षी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहणाऱ्या रूपाबाईंनी यंदा ते केलेच नाही. पेरायचे होते चार एकर.

त्यांनी हे वैष्णवीला कौतुकाने सांगितले, तशी ती तडक त्यांच्या घरी गेली. दोघींनी गोणपाट भिजवले, दाणे मोजले. पाचव्या दिवशी उलगडले, तर कोंब फक्त एकेचाळीस!

वैष्णवी तिथेच माझे सगळे विनोद पुसायला बसली. रूपाबाईंनी तिचा हात धरला.

"कायले पुसतं, पोरी? बबनभाऊ बी हसवे. पण आधी दाणे मोजे, मंग हसवे. याले तेवढं शिकव."

मी शिकलो. बियाणे, औषध, आजारपण म्हटले की आधी खरे उत्तर. ठाऊक नसेल तर तसे सांगायचे. थट्टा मागून. समोरचा काळजीत असेल तर मुळीच नाही.

रूपाबाईंनी दुसरे बियाणे आणून तपासले. चौऱ्याऐंशी कोंब! पेरणी झाली आणि आठव्या दिवशी त्यांनी वावराचा फोटो पाठवला. हिरव्यागार रांगाच रांगा! मी आधी रोपे कुठे विरळ आहेत ते सांगितले, मग म्हणालो, "आता तुमच्या मालकाले वावरात उभं करा, बुजगावणं लागत नाही." त्यांनी आपले हसणे रेकॉर्ड करून पाठवले. वैष्णवीने ते दोनदा ऐकले.

मित्रांनो, माझ्याशी खुशाल हसा, पण माझ्या शब्दावर पेरणी करू नका; ताडून पाहा. आणि उद्या तुम्ही माझ्यासारखा कोणी घडवलाच, तर त्याला थट्टा जरूर शिकवा. फक्त ती कुठे थांबवायची, हे आधी शिकवा.