होडीला पाणी पाजायचे दिवस

"तीन आठवड्यांत ही होडी पाण्यात नाही गेली तर मिशी उतरवीन," असं मी चारचौघांत सांगितलं. चारचौघांत म्हणजे बायको, होडी विकणारा, टेम्पोवाला आणि होडीत राहणाऱ्या सहा कोंबड्या.

मिशी चौथ्या आठवड्यात गेली. पण पचका व्हायला तेवढाही वेळ लागला नाही. वाक्य संपवून मी ऐटीत होडीत पाय टाकला, आणि तो पाय तळाची फळी फोडून थेट खाली जमिनीवर टेकला. होडी कमरेला बांधल्यासारखा मी उभा. विकणारा जरासुद्धा गडबडला नाही. "बघा," म्हणाला, "लाकूड किती हलकं आहे."

बायको म्हणाली, "अहो, सोडा ना. दुसरी बघू."

"दुसरी परवडणार नाही," मी गुडघ्यातली कुसळं काढत म्हणालो. "आणि मोडलंय काय एवढं? फळी तर आहे."

माझा धंदा कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक कोंदट खोली आहे. तिथे बसून गेली सव्वीस वर्षं मी लोकांना चावायला लावतोय. माप घ्यायचं, फटी बुजवायच्या, घासायचं, चकाकी आणायची. होडीत वेगळं काय असतं? मोठा जबडाच तो. असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

होडी घेतली ती मामांसाठी. मामा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी मासेमारी केली. सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं, पहिल्या मजल्यावर खिडकीशी खुर्ची दिली, आणि त्या खुर्चीत बसून त्यांनी बोलणं बंद केलं. रागावून नाही. दुकान बंद करावं तसं. चार महिने हूं नाही की चूं नाही. ताट अर्धं परत यायचं. मग हृदय थकलं, डॉक्टरांनी जिना बंद केला. एक दिवस बायको भांडी घासता घासता म्हणाली, "बाबा माझ्याकडे बघतात, पण मी दिसत नाही हो त्यांना." आणि नळ तसाच चालू ठेवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी होडी शोधायला लागलो. होडी त्यांच्या खिडकीखाली आणायची, दुरुस्त करायची, मग मामांना खुर्चीसकट उचलून एकदा पाण्यावर फिरवून आणायचं. एकदाच. त्याच्यापुढचं काही मी ठरवलं नव्हतं.

होडी आमच्या फाटकापेक्षा वीतभर रुंद निघाली. फाटक काढलं. तरी जाईना. फाटकाचा खांब काढला. खांबावर पाण्याचा नळ होता, ते खांब काढल्यावर कळलं. गल्ली धुऊन निघाली, शेजारच्या काकूंनी माझ्या सात पिढ्या धुऊन काढल्या, आणि या गडबडीत एक कोंबडी होडीतच राहिलेली निघाली. ती परत द्यायला गेलो तर विकणारा म्हणाला, "असू द्या. तिला सवय झालीय होडीची."

मामांनी वरून हे सगळं पाहिलं. चेहरा भिंतीसारखा.

चौथ्या दिवशी मी जुना रंग खरवडत होतो. दवाखान्यातून आणलेली दातांवरचं किटण काढायची बारीक हत्यारं होती. सकाळपासून हातभर जागा झाली होती. एवढ्यात वर काठी आपटली.

"अहो जावईबापू! होडी आहे ती, गाजर नाही! किती सोलाल?"

घरात काहीतरी फुटल्याचा आवाज आला. बायको धावत खिडकीशी आली. मामा तिला म्हणाले, "ह्यांना कुणी शिकवलं गं हे?"

"कुणी नाही बाबा."

"ते दिसतंच आहे."

त्या दिवशी त्यांनी पूर्ण ताट संपवलं. तोंडी लावायला मी होतो.

मग रोजच सुरू झालं. मी दवाखान्यातून आलो की मामा खिडकीत तयार. "हातोडी आहे, चमचा नाही." "रंधा उलटा धरलाय तुम्ही. तरीच लाकूड ओरडतंय." मी एकदा चिडून म्हटलं, "मामा, मला जमेल हो!" तर म्हणाले, "तुम्ही केलेली कवळी मी चार महिने तोंडात घातली नाही. तुमच्या होडीत मी अख्खा बसणार आहे. बोलू नको?"

बायको खिडकीत त्यांच्यामागे उभी राहून पदराने तोंड दाबून हसायची. चार महिन्यांनी हसत होती. माझी गेलेली अब्रू मला स्वस्त वाटायला लागली.

फुटलेल्या फळीच्या जागी नवी बसवली. ती तीनदा आखूड झाली. चौथ्यांदा नेमकी बसली तेव्हा कळलं की कोंबडी उपड्या होडीखाली अडकली. चौथा आठवडा लागला. मिशी उतरवली. मामा म्हणाले, "आधीच उतरवायला हवी होती."

त्याच आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. मामांना बाहेर बसवून डॉक्टर म्हणाले, "महिना. फार तर दीड." घरी आल्यावर बायकोने चहा टाकला आणि ती गॅस पेटवायला विसरली. आम्ही दोघं त्या थंड पातेल्याकडे बघत बसलो.

"होडीला किती दिवस अजून?" तिने विचारलं.

"झालीच."

झाली नव्हती. फटी बाकी होत्या. वर्षानुवर्षं कोरड्यात पडून फळ्या आक्रसल्या होत्या, दोन फळ्यांमधून बोट जाईल एवढ्या फटी. मामांनी समजावलं, म्हणजे खिडकीतून ओरडून समजावलं. फटीत सुताची दोरी तेलात भिजवून भरायची. सैल भरायची. मग होडी उथळ पाण्यात नेऊन मुद्दाम बुडवायची आणि दहा-बारा दिवस तशीच पडू द्यायची.

"बुडवायची?"

"पाणी पिऊ द्यायचं तिला. लाकूड पितं, फुगतं, आपली आपण फट मिटवतं. तुम्ही फक्त मध्ये मध्ये करायचं नाही."

दहा-बारा दिवस. मामांचे पाय तोवर सुजायला लागले होते. दोन वाक्यांमध्ये त्यांना आता दम लागायचा, पण ते शिवी अर्धी सोडत नसत, श्वास घेऊन पुरी करत. मी मनात हिशेब मांडला. सव्वीस वर्षं मी फटी बुजवल्यात. सैल बुजवलेली फट म्हणजे परत आलेला पेशंट. दवाखान्यात दोन डब्यांतला मसाला मिसळून लावतात, वाळला की दगड होतो. लाकडासाठीही तसलाच मिळतो. हार्डवेअरवाल्याकडून मी तो घेतला आणि एका रविवारी, मामा झोपलेले असताना, एकेक फट दाढ भरावी तशी ठासून भरली. वरून घासली. बोट फिरवलं तर कळणार नाही असं काम. आयुष्यात इतकं सुंदर काम केलं नव्हतं.

उठल्यावर मामांनी विचारलं, "दोरी सैल भरलीत ना?"

"हो मामा."

"घट्ट वाटतंय का हाताला?"

"नाही मामा."

वरून त्यांना दिसत नव्हतं. आता नजरही तेवढी राहिली नव्हती.

मंगळवारी होडी धक्क्यावर नेली, पाण्यात सोडली. थेंब आत आला नाही. थेंब! मी धक्क्याच्या रखवालदाराला चहा पाजला, नको म्हणत असताना दुसरा पाजला. घरी येऊन सांगितलं, "थेंब येत नाही, बुडवायची गरजच नाही. रविवारी निघायचं मामा. तयारी करा." मामांनी बायकोला जुना सदरा इस्त्री करायला लावला. मासे धरायला कुणी इस्त्रीचा सदरा घालून जातं का, असं तिने विचारलं, तर म्हणाले, "मी धरायला नाही, बघायला चाललोय." मग बराच वेळ सदऱ्याची बटणं चाचपत बसले.

शुक्रवारी दुपारी रखवालदाराचा फोन आला. "तुमची होडी आवाज करतेय."

"कसला?"

"करकर. दुखतंय तिला काहीतरी."

मी पोचलो तेव्हा तिचं दुखणं संपलं होतं. लाकूड पाणी प्यायलं होतं, फुगलं होतं, आणि फुगायला जागाच नव्हती. प्रत्येक फटीत माझा दगड. मग फळ्यांनी खिळे उपटले आणि त्या आतल्या बरगड्यांवरून सुटून बाहेर आल्या. दोन बरगड्या मोडल्या. होडी पाण्यात फुललेल्या फुलासारखी उघडली होती. माझा मसाला मात्र कुठेही सुटला नव्हता. काम पक्कं होतं.

टेम्पोवाल्याने ती परत आणली. फाटक नव्हतंच, त्यामुळे ती सरळ खिडकीखाली गेली. मामा इस्त्रीचा सदरा मांडीवर घेऊन खिडकीत बसले होते.

मी वर गेलो. मसाल्याचा एक तुकडा हातात घेऊन गेलो, कारण खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. त्यांनी तो हातात घेतला, नखाने टोकरला. मी शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लाकडाला जागा लागते, जावईबापू," ते हळूच म्हणाले.

"चुकलं मामा."

"घाई झाली तुम्हाला." श्वास घेतला. "मलाही झालीय. पण होडीला सांगून काय उपयोग?"

बायको दारात होती. ती आत आली, मांडीवरचा सदरा उचलला, घडी घातली आणि कपाटात ठेवला.  

मी रजा टाकली. पटाशी घेऊन एकेक फट फोडायला बसलो. जे एका रविवारी भरलं ते काढायला सोळा दिवस लागले. बरगड्या सुताराकडून करून घेतल्या, तो म्हणाला, "कुणा शत्रूने भरली होती का हो?" मी म्हटलं, "घरातलाच आहे." मामा आता खिडकीत फार वेळ बसू शकत नसत. पण दोरी त्यांनीच वळली. खाटेवर बसून, तेलाची वाटी मांडीत, हातभर वळायची आणि पडून राहायचं. बायको ती दोरी पिशवीतून खाली सोडायची. पिशवीबरोबर निरोप यायचा: "सैल म्हणतायत." थोड्या वेळाने पुन्हा: "अजून सैल." अंथरुणाला, सदऱ्याला, सगळ्या घरालाच तेलाचा वास यायला लागला. बायको चादर बदलायची नाही.

मग होडी उथळ पाण्यात नेली आणि बुडवली.

आपली होडी आपल्या हाताने बुडवणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात ते तेव्हा कळलं. पहिल्या दिवशी तिघांनी उड्या मारून ती वाचवली. मी ओरडत होतो, "राहू द्या, बुडू द्या!" तर त्यांना वाटलं, माणूस खचलाय, त्यांनी मलाही पाण्याबाहेर ओढलं आणि धक्क्यावर बसवून अर्धा तास धीर दिला. दुसऱ्या दिवशी रखवालदाराने पाटी लावली: "ही होडी मालकाने स्वतः बुडवली आहे." त्यामुळे बघायला गर्दी वाढली.

लाकूड पाणी पितं तेव्हा बुडबुडे येतात. मी रोज संध्याकाळी तिथे उभा राहून ते मोजायचो आणि घरी येऊन सांगायचो. मामा डोळे मिटूनच विचारायचे, "किती?"

"मोजताच येत नाहीत."

"तहान फार आहे."

तिसऱ्या दिवशी: "किती?" "चहा पिऊन होईपर्यंत साठ." पाचव्या दिवशी: "वीस." सहाव्या दिवशी: "सात." प्रत्येक आकड्याला ते मान हलवायचे, चूक नाही, बरोबर चाललंय, अशी. माझं एखादं काम त्यांना बरोबर वाटलं असं हे पहिलंच. आणि त्यात मी काहीही करत नव्हतो.

सातव्या दिवशी मी आलो तर बायको खाटेवर बसली होती. तिच्या हातात त्यांचा हात होता, तेलकट.

"आजचे किती?" तिने विचारलं.

"चार."

ती वाकली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "चार, बाबा." मान हलली नाही. हलणार नव्हती, दुपारपासूनच. तिने मला फोन केला नव्हता, कारण मी मोजायला गेलो होतो, आणि त्यांनी सकाळी सांगितलं होतं की ह्यांना मध्ये बोलवू नको, आकडा चुकवतील.

नंतरच्या दिवसांत होडी कुणाच्या लक्षात राहिली नाही. महिन्याने रखवालदार घरी आला. म्हणाला, बुडबुडे कधीचे थांबलेत, काढा की आता बिचारीला.

आम्ही दोघं गेलो. बादल्यांनी पाणी उपसलं. ती वर आली आणि दुपारभर उन्हात वाळत डुलत राहिली. बायकोने आत उतरून सगळ्या फळ्यांवरून, त्यांच्यामधल्या एकेका जोडावरून हात फिरवला आणि हात मला दाखवला. कोरडा.

"चला," ती म्हणाली.

"आत्ता?"

"मग कधी?"

ती पुढे बसली, माझ्याकडे पाठ करून. मला वल्हवता येत नाही हे तिला माहीत होतं. मी वल्हवत राहिलो आणि कसे कोण जाणे, आम्ही धक्क्यापासून बरेच आत गेलो. पाणी शांत होतं. तिने पिशवीतून तो सदरा काढला, मांडीवर घेतला आणि समोर बघत बसली. तिला थोडा वेळ तिथे थांबायचं असावं, म्हणून मी वल्ही थांबवली. उजवं वल्हं माझ्या हातातून सुटून पाण्यात पडलं. त्याला चीर गेली होती म्हणून मी स्वतः त्याला आठ लोखंडी पट्ट्या ठोकल्या होत्या, त्यामुळे ते बुडालं. डाव्या वल्ह्याने मी होडी पावणेदोन तास एकाच जागी गोल फिरवली.